दुसऱ्याच्या ओंजळीने

मोटारींच्या शर्यतींचा इतिहास बहुधा चालकांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. फान्जिओ, मॉस, क्लार्क, स्टुअर्ट, सेन्ना ही नावे, ज्यांनी आयुष्यात एकही शर्यत पाहिलेली नाही त्यांच्याही कानांवरून गेलेली असतात. परंतु रथ कोणाचा, घोडे कोणाचे, आणि घोड्यांच्या धन्याने ऐन वेळी ते सोडून नेले तर सारथ्याने काय करावे, हा प्रश्न त्या कथांतून क्वचितच विचारला जातो. वास्तविक या खेळाच्या पाऊणशे वर्षांतील पुष्कळशी भांडणे, तह आणि काडीमोड याच प्रश्नाभोवती घडलेले आहेत. गाडी एकाची व एंजिन दुसऱ्याचे अशी व्यवस्था एकदा रूढ झाली, की मराठीत आपण जिला दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणे म्हणतो ती स्थिती प्राप्त होते. तहान भागते हे खरे. परंतु ओंजळ केव्हा उघडेल याची शाश्वती नसते.

ही व्यवस्था प्रारंभापासून नव्हती. १९५० च्या मे महिन्यात इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे जागतिक विजेतेपदाची पहिली शर्यत झाली, त्या वेळी आघाडीवरच्या संघांत गाडी आणि एंजिन एकाच घराण्यात जन्मत असे. आल्फा रोमिओ, फेरारी, मासेराती आणि १९५४-५५ या दोन वर्षांपुरते मर्सिडीज, ही ती घराणी. विजेतेपद १९५८ पर्यंत यांच्याच गाड्या चालवणारांत फिरत राहिले. ज्याच्यापाशी स्वतःची ओतशाळा नाही, त्याने या दरबारात येऊ नये असाच जणू संकेत होता.

तो संकेत मोडला तो आग विझविणाऱ्या पंपाने. कॉव्हेंट्री क्लायमॅक्स या इंग्लिश कंपनीने युद्धोत्तर काळात सरकारी मागणीवरून, उचलून नेता येईल असा हलका पंप बनविला आणि त्यासाठी वजनाने कमी पण जोमदार असे लहान एंजिन तयार केले. छोट्या शर्यती गाड्यांच्या कारागिरांचे लक्ष त्याकडे गेले नसते तरच नवल. त्या एंजिनाच्या यशाने उत्तेजित होऊन कंपनीने खास शर्यतीसाठी एंजिने बांधली. कूपर पितापुत्रांनी ते एंजिन चालकाच्या पाठीमागे बसवून सुटसुटीत गाडी तयार केली. १९५८ मध्ये अर्जेंटिनात स्टर्लिंग मॉसने अशा गाडीवर पहिला विजय मिळविला, आणि १९५९ व १९६० या दोन्ही वर्षी जॅक ब्राबम कूपर-क्लायमॅक्सवर जगज्जेता झाला. एन्झो फेरारी या इंग्लिश मंडळींना गॅरेजवाले म्हणून हिणवीत. हेटाळणी होती, परंतु वर्णन अचूक होते. हे लोक गाडी बांधत. तिचे हृदय मात्र विकत आणीत.

विकत आणलेल्या हृदयाचा धोका १९६५ साली प्रत्ययास आला. १९६१ पासून १५०० घनसेंटिमीटरची मर्यादा होती. १९६६ पासून ती वाढवून ३००० करण्याचे ठरले. दरम्यान १९६३ मध्ये कॉव्हेंट्री क्लायमॅक्स जॅग्वार कंपनीच्या ताब्यात गेली होती. नव्या मापाचे एंजिन बांधणे आपल्याला परवडणारे नाही, असे तिने जाहीर केले. त्याच वर्षी जिम क्लार्क लोटस-क्लायमॅक्सवर दुसऱ्यांदा जगज्जेता झाला. म्हणजे विजेत्याच्या हाती चषक पडला आणि त्याच्या गाडीतील एंजिनाचा वंश संपला, या दोन्ही गोष्टी एकाच वर्षात घडल्या.

१९६६ चा हंगाम म्हणजे शोधाशोधीचे वर्ष होते. कूपरने मासेरातीच्या जुन्या बारा सिलिंडरांच्या एंजिनाला पुन्हा उजेडात आणले. बी. आर. एम. ने सोळा सिलिंडरांचे एक अवजड व गुंतागुंतीचे यंत्र निर्माण केले. त्याने सबंध कारकिर्दीत एकच महत्त्वाची शर्यत जिंकली, आणि तीही निर्मात्याच्या नव्हे, ते तात्पुरते मागून घेतलेल्या लोटसच्या गाडीत. शहाणपणा दाखविला तो ब्राबमने. त्याने ऑस्ट्रेलियातील रेप्को या सुट्या भागांच्या कंपनीकडून एक साधे, हलके एंजिन करून घेतले आणि स्वतःचेच नाव धारण करणाऱ्या गाडीवर विजेतेपद पटकावले. परंतु लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन याला साधेपणाने समाधान होणारे नव्हते. त्याला सर्वोत्तम एंजिन हवे होते आणि ते बांधण्यास पैसा नव्हता.

चॅपमनच्या मनात माणूस ठरलेला होता. कीथ डकवर्थ हा पूर्वी लोटसमध्येच काम केलेला अभियंता. त्याने माइक कॉस्टिन या सहकाऱ्याबरोबर १९५८ मध्ये कॉस्वर्थ नावाचा कारखाना काढला होता. दोघांच्या आडनावांचे तुकडे जोडून ते नाव बनले होते. एक लाख पौंडांत आपण हे काम करू, असा डकवर्थचा अंदाज होता. चॅपमनने अनेक दारे ठोठावली. अखेर दार उघडले ते ब्रिटनमधील फोर्ड कंपनीचे. आणि ते उघडण्यात कंपनीतील अभियंता हार्ली कॉप याच्याबरोबर एका बिगरअभियंत्याचा हात होता, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. वॉल्टर हेज हा गृहस्थ पूर्वी वृत्तपत्राचा संपादक होता व फोर्डमध्ये जनसंपर्काचे खाते सांभाळीत होता. हे एंजिन म्हणजे खर्च नसून कीर्तीची खरेदी आहे, ही गोष्ट त्याने वरिष्ठांच्या गळी उतरवली. आधी चार सिलिंडरांचे लहान एंजिन, मग त्याच अनुभवावर आठ सिलिंडरांचे मोठे, असा करार ठरला. मोठ्याचे नाव डी. एफ. व्ही., म्हणजे ‘डबल फोर व्हॉल्व्ह’ असे पडले.

डकवर्थच्या रचनेचा विशेष केवळ शक्तीत नव्हता. सुमारे चारशे अश्वशक्ती त्या काळी पुष्कळ होती, हे खरेच. पण अधिक महत्त्वाची गोष्ट अशी, की हे एंजिन गाडीच्या सांगाड्यात ठेवायचे नव्हते, तर तेच सांगाड्याचा भाग व्हायचे होते. चालकाच्या पाठीमागे गाडीचा पुढील अर्धा भाग संपे, तेथे एंजिन बोल्टांनी जोडले जाई, आणि मागची चाके, त्यांचे दांडे व गिअरपेटी त्या एंजिनालाच टांगलेली असत. एंजिन काढले तर मागे गाडी उरतच नसे. परावलंबनाचे याहून मूर्त चित्र कल्पिणे कठीण आहे.

४ जून १९६७ रोजी हॉलंडमधील झांडफोर्टच्या वाळूच्या टेकड्यांत हे एंजिन प्रथम शर्यतीत उतरले. पहिल्या जागेवरून निघालेला ग्रॅहम हिल काही फेऱ्यांतच यंत्रदोषाने बाद झाला. परंतु त्याच बनावटीच्या दुसऱ्या गाडीत बसलेला जिम क्लार्क विजयी झाला. पदार्पणातच विजय! त्या वर्षी क्लार्कने आणखी तीन शर्यती जिंकल्या. विजेतेपद लोटसच्या नाजूक प्रकृतीमुळे ब्राबमच्या संघातील डेनी हल्मकडे गेले. परंतु पुढील वर्षी काय होणार याविषयी जाणकारांत मतभेद नव्हता. लोटस सोडून इतरांनी घरी बसावे, अशी वेळ आलेली दिसत होती.

येथे या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय झाला, आणि तो शर्यतीच्या रस्त्यावर नव्हे तर कचेरीत झाला. हेजच्या असे ध्यानात आले, की आपले एंजिन फार चांगले आहे, आणि हीच अडचण आहे. प्रतिस्पर्धीच उरला नाही, तर जिंकण्याची किंमत काय? शिवाय लोटसची गाडी मोडली तर त्याबरोबर फोर्डचे नावही मोडणार. त्याने चॅपमनला सांगितले, की १९६८ पासून हे एंजिन इतरांनाही विकत मिळेल. चॅपमनने ते मान्य केले. संतोषाने केले असेल असे मानण्याचे कारण नाही. ज्याने कल्पना काढली, दारोदार हिंडून धन मिळवले, पहिल्या वर्षीच्या दुखण्यांचे हाल सोसले, त्याला आपली शिदोरी शत्रूंसमवेत वाटून खावी लागली. न्यायाच्या दृष्टीने चॅपमनची बाजू कच्ची नव्हती. पण खेळाच्या दृष्टीने हेजचा निर्णय योग्य ठरला, हेही नाकारता येत नाही. खासगी मालकीचे यंत्र एका कलमाने जवळजवळ सार्वजनिक झाले.

सुमारे साडेसात हजार पौंड देणाऱ्याला हे एंजिन मिळू लागले. ते, एक गिअरपेटी आणि एक होतकरू चालक एवढे जमले, की कोठल्याही छोट्या कारखान्याला फेरारीच्या शेजारी उभे राहता येई. ब्रूस मॅक्लारेनने स्वतःच्या नावाच्या गाडीवर १९६८ मध्ये बेल्जियममध्ये पहिला विजय मिळविला तो याच एंजिनाच्या बळावर. केन टायरेल हा लाकडाचा व्यापारी. त्याने फ्रान्समधील मात्रा कंपनीच्या गाडीत हे एंजिन घालून जॅकी स्टुअर्टला १९६९ चे विजेतेपद मिळवून दिले. १९६९ मधील अकराही शर्यती आणि १९७३ मधील पंधराही शर्यती या एकाच एंजिनाने जिंकल्या. फ्रँक विल्यम्सचे उदाहरण तर बोलके आहे. टेलिफोनचे बिल न भरता आल्याने ज्याला रस्त्यावरील सार्वजनिक टेलिफोनवरून व्यवहार करावे लागले, असा हा मनुष्य. १९७९ मध्ये त्याच्या गाडीने सिल्व्हरस्टोन जिंकले व १९८० मध्ये ॲलन जोन्स त्याच्या संघातून जगज्जेता झाला.

तथापि मोकळ्या बाजारातही राजकारण असतेच. मात्रा कंपनीचा क्रायस्लर-सिम्का गटाशी संबंध जुळला, तेव्हा फोर्डचे नाव असलेले एंजिन तिच्या गाडीत राहणे अशक्य झाले. विजेतेपद मिळविलेली जोडी वर्षाच्या आत फुटली. स्टुअर्ट व टायरेल यांना एंजिन सोडायचे नव्हते, म्हणून त्यांनी गाडी सोडली. आधी दुसऱ्याची विकत घेतली व पुढे स्वतःची बांधली. लग्न मोडताना कोणी कोणाबरोबर जावे हे प्रेमावर नव्हे, तर उपयुक्ततेवर ठरते, याचा हा नमुना होय.

सर्वांपाशी एकच एंजिन आले, तेव्हा वरचढपणा अन्यत्र शोधणे भाग पडले. या शोधात पुन्हा चॅपमनच पुढे होता. गाडीच्या पोटाखालून वाहणाऱ्या हवेचा उपयोग करून गाडी जमिनीला चिकटवून ठेवण्याची युक्ती त्याच्या कारखान्याने साधली आणि १९७८ मध्ये मारिओ आंद्रेत्ती विजेता झाला. या युक्तीला गाडीच्या दोन्ही बाजूंनी मोकळी जागा लागे. डकवर्थचे अरुंद एंजिन ती जागा मोकळी सोडी. फेरारीचे बारा सिलिंडरांचे आडवे एंजिन नेमके तेथेच आडवे येई. दहा वर्षांपूर्वी आखलेल्या आराखड्याला असा अनपेक्षित लाभ झाला.

पण दुसऱ्या बाजूस एक पोटकलम झोपेतून जागे होत होते. नियमांच्या पोटकलमांशी ज्यांचा नित्याचा परिचय आहे, अशा वाचकांना ही कथा विशेष रुचेल. १९६६ च्या नियमात ३००० घनसेंटिमीटरच्या साध्या एंजिनाबरोबर, हवा दाबून भरणारे १५०० घनसेंटिमीटरचे एंजिनही चालेल, अशी एक सवलत लिहून ठेवलेली होती. अकरा वर्षे तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. १९७७ मध्ये फ्रान्सच्या रेनॉल्ट कंपनीने तशी टर्बो गाडी आणली, तेव्हा वाटेत धूर सोडून थांबणाऱ्या त्या गाडीची थट्टाच झाली. १ जुलै १९७९ रोजी दिजाँ येथे तिने शर्यत जिंकली आणि थट्टा थांबली.

आता दोन पक्ष स्पष्ट पडले. एका बाजूस रेनॉल्ट, फेरारी व आल्फा रोमिओ हे स्वतःचे एंजिन बांधणारे श्रीमंत. दुसऱ्या बाजूस फोर्ड-कॉस्वर्थवर जगणारे इंग्लिश गॅरेजवाले, ज्यांची संघटना ‘फोका’ बर्नी एक्लस्टनच्या हाती होती. श्रीमंतांना शक्ती हवी होती; गॅरेजवाल्यांना हवेची युक्ती टिकवायची होती. नियामक मंडळ ‘फिसा’चे अध्यक्ष ज्याँ-मारी बालेस्त्र यांनी ती युक्ती साधणाऱ्या कडेच्या पट्ट्यांवर १९८१ पासून बंदी घातली, तेव्हा गॅरेजवाल्यांना ती आपल्या मानेवरची सुरी वाटली. वाद वरकरणी रबरी पट्ट्यांचा होता. खरा प्रश्न सत्ता कोणाची आणि दूरचित्रवाणीचे उत्पन्न कोणाचे, हा होता. १९८० ची स्पेनची व १९८१ ची दक्षिण आफ्रिकेची शर्यत विजेतेपदाच्या गणनेतून बाद झाली. अखेर मार्च १९८१ मध्ये पॅरिसच्या कॉन्कॉर्ड चौकातील कचेरीत तह झाला: नियम मंडळाचे, व्यापार संघटनेचा. पुढील अनेक करारांना त्या चौकाचेच नाव चिकटून राहिले.

तह झाला तरी दुर्बळाची दुर्बळता गेली नव्हती. शक्ती वाढविता येत नाही म्हणून वजन घटविण्याकडे गॅरेजवाले वळले. ब्रेक थंड करण्यासाठी म्हणून गाडीत पाण्याच्या टाक्या बसवायच्या, सुरुवातीलाच पाणी सांडून टाकून हलके व्हायचे, आणि शर्यतीनंतर नियमाच्या आधारे टाक्या पुन्हा भरून वजन पुरे दाखवायचे, अशी ही करामत होती. १९८२ मध्ये ब्राझीलमध्ये पहिल्या व दुसऱ्या क्रमांकावर आलेले पिके व रॉसबर्ग यांना त्यासाठी बाद ठरविण्यात आले, आणि संतापलेल्या ‘फोका’च्या संघांपैकी बहुतेकांनी पुढे इमोलाच्या शर्यतीवर बहिष्कार टाकला. त्या वर्षी केके रॉसबर्गच जगज्जेता झाला. परंतु तो या एंजिनाचा बारावा व अखेरचा चालक-विजेता. ५ जून १९८३ रोजी डेट्रॉइट येथे टायरेलच्या गाडीत मिकेले आल्बोरेतोने मिळविलेला विजय हा या वंशाचा एकशे पंचावन्नावा, आणि शेवटचा. झांडफोर्टपासून त्याला सोळा वर्षे व एक दिवस झाला होता.

त्यानंतर ओंजळी पुन्हा खासगी झाल्या. मॅक्लारेनने एक चतुर मार्ग काढला. पोर्शकडून एंजिन भीक म्हणून न मागता, टॅग या धनिक गटाच्या पैशाने ते आपल्या मापाप्रमाणे शिवून घेतले, आणि १९८४ ते १९८६ अशी सलग तीन चालक-विजेतेपदे मिळविली. उलट विल्यम्सने होंडाशी सोयरीक केली. १९८६ व १९८७ मध्ये कारखान्यांचे विजेतेपद त्यांच्याकडेच होते. पण मार्च १९८६ मध्ये फ्रँक विल्यम्स फ्रान्समध्ये मोटार-अपघातात कायमचा पंगू झाला. संघातील दोन चालकांची आपसांत चुरस चालू राहिली आणि त्या वर्षीचे चालकपद शेवटच्या शर्यतीत हातचे गेले. होंडाच्या पसंतीच्या जपानी चालकाला संघात जागा मिळाली नाही, ती लोटसने दिली. करार संपण्यास अवकाश असताना १९८७ च्या अखेरीस होंडाने विल्यम्सचा निरोप घेतला. १९८८ मध्ये होंडाचे एंजिन घेतलेल्या मॅक्लारेनने सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या. विल्यम्सने एकही नाही. गाडी बांधणारे हात तेच होते. पुढे १९९२ च्या अखेरीस होंडा मॅक्लारेनलाही सोडून गेली, तेव्हा काळाने हिशेब चुकता केला असे विल्यम्सला वाटले असल्यास नवल नाही. कारण तोवर त्याने रेनॉल्टशी घरोबा करून त्याच वर्षीचे विजेतेपद मिळविले होते.

आपल्या देशाचे नाव धारण करणाऱ्या संघाचीही हीच कथा. फोर्स इंडिया हा संघ २००८ ते २०१८ या काळात शर्यतींत होता. त्याचा कारखाना सिल्व्हरस्टोनजवळ, आणि एंजिन पहिल्या वर्षी फेरारीचे व नंतर मर्सिडीजचे. २००९ मध्ये बेल्जियममध्ये फिसिकेला पहिल्या जागेवरून सुटला आणि फेरारीच्या मागोमाग दुसरा आला, तेव्हा भारतीय प्रेक्षकांना जो अभिमान वाटला तो अस्थानी नव्हता. फक्त त्यात स्वदेशी किती, हा प्रश्न विचारण्याची ती वेळ नव्हती. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे शर्यतही झाली. तो रस्ता आपला होता. यंत्रविद्या मात्र पाहुणी होती.

परावलंबनाचे हे चक्र अद्याप थांबलेले नाही. २०१५ मध्ये चार वेळा जगज्जेता ठरलेल्या रेड बुल संघाचे रेनॉल्टशी बिनसले. त्याने मर्सिडीज व फेरारीकडे विचारणा केली. इतक्या बलवान प्रतिस्पर्ध्याला आपले शस्त्र देण्यास दोघेही तयार झाले नाहीत. हेजने चॅपमनला जे करावयास लावले, ते करण्याचे धैर्य आता कोणाला उरले नव्हते. शेवटी रेड बुलने होंडाचा हात धरला, २०२१ चे चालक-विजेतेपद मिळविले, आणि होंडाने माघारीची घोषणा करताच स्वतःचाच एंजिन-कारखाना उभारला. २०२६ पासूनच्या नव्या नियमांसाठी त्या कारखान्याने भागीदार निवडला तो फोर्ड. उलटपक्षी, टर्बोचा मार्ग दाखविणाऱ्या रेनॉल्टने २०२५ नंतर एंजिने बांधणे सोडण्याचे ठरविले आणि आपल्या संघासाठी मर्सिडीजचे गिऱ्हाईक होणे पत्करले.

तेव्हा परक्या एंजिनावर विसंबणे हा दोषच मानावा काय? तसे म्हणता येणार नाही. २०२४ चे कारखान्यांचे विजेतेपद मॅक्लारेनने मर्सिडीजकडून घेतलेल्या एंजिनावर, खुद्द मर्सिडीजला मागे टाकून मिळविले. मात्र अशा विजयाला एक आधार लागतो: देणाऱ्याने गिऱ्हाइकाला आपल्यापेक्षा हलका माल देऊ नये, असा नियम आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणारी यंत्रणा. १९६८ मध्ये असा नियम नव्हता. एका अधिकाऱ्याचे तारतम्य होते, आणि तेवढ्यावर पंधरा वर्षे निभावले. तारतम्याचा माणूस नेहमी जागेवर असतोच असे नाही, म्हणून पुढच्यांना नियम करावे लागले. नियम जेथे अपुरे पडतात तेथे मात्र आजही तशाच कोणा माणसाची वाट पाहावी लागते. वॉल्टर हेजने एकही शर्यत चालविली नाही, एकही एंजिन बांधले नाही. त्याने एक मक्तेदारी आपण होऊन सोडली. डकवर्थच्या एंजिनाला एकशे पंचावन्न विजय लाभले, त्यांतील बरेचसे त्या एका निर्णयाच्या खात्यावर जमा करावयास हवेत.